बाटलीवरचा आकडा

बिअर म्हणजे हलकी, असं सर्रास म्हटलं जातं. जरा हिशेब करू. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीवर ८ टक्के छापलेलं असेल, तर आत शुद्ध अल्कोहोल झालं ५२ मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. अशा दारूच्या ३० मिलिलिटरच्या पेगात अल्कोहोल जेमतेम १३ मिलिलिटर. म्हणजे ही ‘हलकी’ बाटली चार छोट्या पेगांच्या बरोबरीची! पेगात सोडा ओतला की टक्केवारी उतरते, पण पोटात जाणारं अल्कोहोल तेवढंच. कॉकटेलमध्ये तर फळांचा रस दारूचा उग्रपणा झाकतो आणि ग्लासात किती पेग आहेत, हे पिणाऱ्याला कळत नाही. यजमानाने अंदाजाने ओतलं असेल, तर त्यालाही नाही.