गोविंदराव टेंबे : परक्या पेटीला आपलेसे करणारा कलावंत

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम मी संकोचलो. माझा सारा जन्म शाळेत मुलांना शिकवण्यात गेला. संगीतशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. मी केवळ एक श्रोता आहे. तथापि आपण करवीरकर आहोत आणि या नगरीने संगीताचे मोठे ऋण आपल्यावर करून ठेवले आहे. त्या ऋणाचे स्मरण करावे, एवढ्याच हेतूने मी आज कै. गोविंदराव टेंबे यांच्याविषयी बोलण्याचे योजिले आहे.

गोविंदरावांचा जन्म १८८१ मध्ये कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी झाला आणि १९५५ मध्ये ते निवर्तले. वादक, संगीतरचनाकार, नट, नाटककार आणि ग्रंथकार अशी त्यांची अनेक रूपे लोकांच्या परिचयाची आहेत. परंतु मला आज मुख्यतः पेटीवादक गोविंदरावांविषयी सांगावयाचे आहे. कारण त्यांच्या पेटीत एक असा प्रश्न दडलेला आहे की, जो केवळ संगीतापुरता नाही. जी वस्तू बाहेरून आली तिला आपली म्हणावे की नाही, आणि म्हणावयाचे तर कोणत्या कसोटीवर, हा तो प्रश्न होय.

पेटी किंवा हार्मोनियम हे वाद्य मूळचे आपले नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिस शहरी त्याचा जन्म झाला. भात्याने हवा दाबावी, त्या हवेने पितळेच्या बारीक जिभल्या कंप पावाव्यात आणि पट्टी दाबताच सूर निघावा, अशी त्याची रचना. आपल्या देशात हे वाद्य आले आणि पाहता पाहता नाटकगृहात, देवळात व शाळेच्या प्रार्थनेत जाऊन बसले. परंतु जाणत्यांचे आक्षेप होतेच, आणि ते पोकळ नव्हते. या वाद्यात सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. आपल्या रागांतील सूक्ष्म श्रुती त्यात बसत नाहीत. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड त्यातून निघत नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गांधार गळ्यातून ऐकावा आणि मग पेटीवर ऐकावा, म्हणजे फरक कोणाच्याही कानाला कळतो.

असे हे सदोष वाद्य गोविंदरावांनी हाती घेतले. कोल्हापुरात १८८३ मध्ये स्थापन झालेला देवल क्लब होता. तेथे थोर गवयांच्या बैठका होत. श्री शाहू छत्रपतींच्या पदरी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गायनाचार्य होता. अशा वातावरणात गोविंदरावांचा कान तयार झाला. पुढे भास्करबुवा बखल्यांसारख्या श्रेष्ठ गवयाची साथ करण्याचा योग त्यांना लाभला.

ही साथ म्हणजे काय, हे तरुण मंडळींसाठी थोडे विस्ताराने सांगतो. आपल्या संगीतात बंदिश ठरलेली असते. परंतु तिच्याभोवतीचा सारा विस्तार त्या क्षणी सुचलेला असतो. गवई यालाच उपज म्हणतात. पुढची तान कोणत्या वाटेने जाणार हे साथीदाराला आधी ठाऊक नसते. त्याने ऐकता ऐकता मागोवा घ्यावयाचा, गवई श्वासासाठी थांबला की ती पोकळी भरावयाची, आणि त्याच्या वाटेत आडवे मात्र यावयाचे नाही. पाठांतराने हे साधत नाही. राग रक्तात भिनावा लागतो. गोविंदरावांची पेटी गायकी अंगाने चाले. मींड नाही, तर हलक्या कणसुरांनी आणि बोटांच्या सफाईने तिचा भास निर्माण करावा, हा या वादनाचा मार्ग. साथीच्या वाद्याला स्वतंत्र वादनाच्या प्रतिष्ठेला पोहोचविणाऱ्यांत गोविंदरावांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

याच कानाने त्यांनी रंगभूमीला नवे संगीत दिले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळात नाटककारच पदांच्या चाली योजीत असे. साक्या, दिंड्या व इतर परिचित चाली रसिकांच्या तोंडी होत्या. १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, त्याच्या पदांना चाली दिल्या गोविंदरावांनी. उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली त्यांनी मराठी पदांना चढविल्या. या चाली अशा होत्या की, गुणी नटाला त्यात स्वतःची उपज करण्यास मोकळे रान मिळे. पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. ज्याला आपण आज जुने नाट्यसंगीत म्हणून हात जोडतो, ते त्या काळचे अगदी नवे संगीत होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

तीच नवेपणाची ओढ त्यांना बोलपटाकडे घेऊन गेली. १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदरावांची, आणि संगीतही त्यांचेच. गाणे मागाहून भरण्याची सोय तेव्हा नव्हती. नटाने चित्रण चालू असतानाच गावयाचे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने या सर्वस्वी अपरिचित यंत्रापुढे उभे राहावे, याला धैर्य लागते.

युरोपातही नव्या संगीताला वादकांचाच आधार लागला आहे. तेथे चेलो नावाचे, व्हायोलिनच्या कुळातले पण गुडघ्यांच्या आधाराने धरून वाजविण्याचे मोठे वाद्य आहे. सोव्हिएत रशियातील रोस्त्रोपोविच या वादकाची त्यावरील हुकमत अशी की, शोस्ताकोविचने १९५९ मध्ये खास त्याच्यासाठी रचना केली. इंग्लंडच्या ब्रिटननेही केल्या. मात्र तेथे रचणारा एक आणि वाजविणारा दुसरा. आपल्याकडे बैठकीत बसलेला वादक त्याच क्षणी रचनाकारही असतो. गोविंदरावांच्या ठायी तर हे दोन्ही व्यवसाय एकवटले होते.

आता या कथेचा कटू भाग. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. रवींद्रनाथ ठाकुरांसारखे थोर पुरुषही या वाद्याच्या विरुद्ध होते. सुमारे तीन दशके ही बंदी टिकली. म्हणजे गोविंदरावांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे त्यांचे प्रिय वाद्य आकाशवाणीच्या दाराबाहेर होते. त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही. ‘माझा संगीत व्यासंग’ हा त्यांचा ग्रंथ १९३९ चा, ‘माझा जीवनविहार’ १९४८ चा. आणि अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. बंदीच्या काळातही पी. मधुकर यांच्यासारख्या वादकांनी स्वतंत्र वादनाची परंपरा तेवत ठेविली. त्यांचे शिष्य, गोव्याचे पं. तुलसीदास बोरकर, यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. जे वाद्य सरकारी माध्यमाने दाराबाहेर ठेविले, त्याच्या वादकाचा सरकारनेच गौरव केला. हा न्याय काळाने केला, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो व्यासंगाने केला.

गोविंदरावांच्या चरित्रातून मला एवढेच घ्यावेसे वाटते. पेटीतील दोष त्यांच्या वादनाने नाहीसे झाले नाहीत. बारा सूर बाराच राहिले. परंतु कोणतीही वस्तू आपली ठरते ती तिच्या जन्मस्थानावरून नव्हे, तर तिच्यामागे आपण किती कष्ट उपसले यावरून. वाद्याचे कूळ विचारून जे थांबले ते थांबले. ज्याने रियाज केला त्याने ते वाद्य आपलेसे केले. आणि आपण तर एका ज्ञातीच्या नावाने येथे जमलो आहोत. म्हणून हे आपणच आधी ध्यानी घ्यावयास हवे. एका हिंदू शिष्याने मुसलमान गायनाचार्याचे चरित्र भक्तिभावाने लिहावे, ही करवीरची रीत आहे. विद्येच्या दारात जातीचा दाखला लागत नाही.

शेवटी एक विनंती. आपण दरवर्षी परीक्षांत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करतो. तो अवश्य करावा. परंतु त्यांच्या पंक्तीला एखादे वाद्य निष्ठेने शिकणारा एक तरी विद्यार्थी बसवावा. मग ते वाद्य सारंगी असो, पेटी असो, व्हायोलिन असो वा चेलो. त्याला गुणपत्रिका मागू नये. त्याला दहा मिनिटे वाजवावयास सांगावे आणि आपण शांतपणे ऐकावे. त्याने काही नवे वाजविले तर चटकन नाक मुरडू नये. ‘मानापमान’ही एकदा नवेच होते.