गावाचा आराखडा कोणी करावा?

(सोनई, ता. नेवासे येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामसभेचे एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. सभेची नोटीस फळ्यावर लागते. ठरलेल्या वेळी पंधरा-वीस माणसे जमतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून तीच पंधरा-वीस माणसे पुन्हा बसतात, ग्रामपंचायत अधिकारी विषय वाचून दाखवतात, 'सर्वानुमते मंजूर' असा शेरा पडतो आणि गावाचा वर्षभराचा विकास आराखडा सिद्ध होतो. गणपूर्तीची अट तरी किती? एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सोनईसारख्या हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे जमली की कायद्याचे समाधान होते, आणि तेवढीही जमली नाहीत तरी कायद्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते गावाचे.

वस्तुतः ग्रामीण जनतेला नियोजनाचा अधिकार मिळावा ही मागणी जुनी आहे. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना, 1969 मध्ये, जिल्हा योजना कशा तयार कराव्यात याची मार्गदर्शक सूत्रे राज्यांकडे पाठविण्यात आली. 1993 मध्ये 73वी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांसाठी योजना आखण्याचे काम पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद राज्यघटनेत झाली. पैसा मात्र फार उशिरा आला. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना सुमारे दोन लाख कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम सुरू झाला. अधिकार आला, निधी आला. तरीही आराखडा गावाचा झाला नाही, तो कागदाचा झाला. असे का व्हावे?

याचे कारण असे की नियोजन म्हणजे केवळ मागण्यांची यादी नव्हे. उपलब्ध पैसा किती, पाणी किती, जमीन कोणाची, आधीच्या वर्षी ठरलेली कामे झाली की नाहीत, एक काम हाती घेतले तर कोणते मागे पडेल, हे सारे समोर असल्याशिवाय निवड करता येत नाही. आणि निवड करता येत नसेल तर सभेला जाण्यात माणसाला अर्थ तरी काय वाटावा? ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे निर्णय, हा सत्तेचा साधा नियम आहे. गावात माहिती दोन-चार घरांत आणि एका कपाटात असते. ते कपाट उघडणे हेच स्वयंसेवकाचे पहिले काम होय.

हे घडू शकते याचा पुरावा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. याच अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात लोणीच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हा पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले. विद्वत्ता शेतकऱ्यांच्या हिशेबाला जोडली गेली. त्यानंतरचे उदाहरण तर नेवासे तालुक्यातलेच आहे. मुळा धरणाचे पाणी उजव्या कालव्याने या भागात आले. धरण शासनाने आखले, कालवा शासनाने खोदला, पाळी शासनाने ठरविली; शेतकऱ्याच्या हाती पाणीमागणीचा अर्ज तेवढा उरला. चारीच्या मुखाशी ऊस उभा आणि शेपटाशी ज्वारी करपलेली, हे चित्र त्यातूनच निर्माण झाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस चांदा येथे, सात क्रमांकाच्या चारीवर, श्री दत्त सहकारी पाणीवाटप संस्था स्थापन झाली. पुण्यातील 'कसाद' या स्वयंसेवी संस्थेचे अभ्यासक त्यासाठी शेतकऱ्यांच्या बैठकांत बसले. पाणी मोजून घ्यावे, आपसात वाटावे आणि कोणते पीक घ्यावे हे शेतकऱ्याने ठरवावे, असे या व्यवस्थेचे सूत्र होते.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर हाच विचार अधिक दूर गेला. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांना संघटित केले. 1991 च्या सुमारास तीन पाणीवापर संस्थांपासून सुरुवात झाली. पुढे त्यांची संख्या 24 झाली आणि संपूर्ण प्रकल्पाचे पाणी-व्यवस्थापन लाभधारकांच्या संघाकडे आले. 2005 मध्ये महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, त्याला अशा प्रयोगांची पार्श्वभूमी होती. या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या वतीने पाणी वाटले नाही. त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसविले, नियम समजावून दिले, कार्यालयांचे उंबरठे झिजविले. निर्णय मात्र शेतकऱ्यांच्या सभेकडे राहू दिला.

केरळने 1996 मध्ये लोकयोजना मोहीम हाती घेतली. राज्याच्या योजना-निधीपैकी सुमारे 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले. परंतु पैसा दिला म्हणजे योजना आपोआप तयार होत नाही, हे तेथील धुरीणांनी ओळखले होते. हजारो स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. निवृत्त अभियंते, डॉक्टर, शिक्षक आणि अधिकारी यांना गावांच्या योजनांची तांत्रिक छाननी करण्यासाठी पाचारण करण्यात आले. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, अनुभव असतो आणि बदलीची भीती नसते. सोनईत, घोडेगावात, नेवाशात असे निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, पाटबंधारे खात्यातील कर्मचारी नाहीत काय? त्यांच्या ज्ञानाचा उपयोग समाजाने का करून घेऊ नये?

मात्र येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. 'गाव' म्हणजे कोण? 2018 पासून केंद्र सरकारने आराखड्यांसाठी 2 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात लोकयोजना मोहीम सुरू केली. हेच दिवस ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याचे. पाथर्डी तालुक्यातील आणि बीड जिल्ह्यातील मजूर-कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून बाहेर पडतात. त्यांच्या गावात ग्रामसभा भरते तेव्हा ती कुटुंबे उसाच्या फडात असतात; आणि ज्या गावाच्या शिवारात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात तेथील मतदारयादीत त्यांचे नाव नसते. पाणी, शौचकूप, मुलांची शाळा या त्यांच्या गरजा स्वतःच्या गावाच्या आराखड्यात नाहीत आणि या गावाच्याही आराखड्यात नाहीत. अर्धे वर्ष राबणारा माणूस नियोजनाच्या दृष्टीने कोठेच राहत नाही! जी योजना उसाचे टनेज मोजते परंतु तो तोडणाऱ्या हातांना मोजत नाही, तिला लोकांची योजना कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे, परंतु सोनईत उभे राहून ती न बोलणे हा भेकडपणा ठरेल. 1 जानेवारी 2013 रोजी याच परिसरात सफाईचे काम करणाऱ्या मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. प्रेमसंबंधाला जातीचा विरोध हे त्याचे कारण होते. 2018 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावली. त्या गुन्ह्याचे उत्तरदायित्व गुन्हेगारांचे आहे, साऱ्या गावाचे नव्हे. पण कोणाचे जगणे किती किमतीचे, याचा जो हिशेब जात मनात मांडून ठेवते तो हिशेब ग्रामसभेच्या दारात गळून पडत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळातील ग्रामीण निधीचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. गटारे, शौचालये, सांडपाणी यांवर एवढा पैसा खर्च व्हावयाचा असता, आयुष्यभर ही कामे करणाऱ्या वस्तीला त्याविषयी कोणी विचारले? त्या वस्तीतील माणूस सभेत बोलायला उठतो की दाराशी उभा राहून परत जातो, हीच लोकसहभागाची खरी मोजपट्टी आहे.

यावर काही मित्र आक्षेप घेतात की स्वयंसेवेचा हा आग्रह म्हणजे शासनाची जबाबदारी लोकांच्या गळ्यात घालणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. रस्ता बांधणे, शिक्षक नेमणे, दवाखान्यात औषध ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि श्रमदानाच्या नावाखाली त्यातून सुटका करून देता कामा नये. परंतु शासनाला जाब विचारण्यासाठी जी माहिती आणि जी संघटना लागते ती शासन स्वतःहून कधीच पुरविणार नाही. दुसरा धोका स्वयंसेवकाकडूनच संभवतो. सुशिक्षित माणूस गावात जातो, चार दिवसांत सुबक आराखडा लिहून देतो, आणि गाव पुन्हा सही करण्यापुरते उरते. ठेकेदाराने लिहिलेला आराखडा आणि सज्जनाने लिहिलेला आराखडा यांत हेतूचा फरक असेल. लोकांच्या दृष्टीने दोन्ही परकेच.

म्हणून काम साधे असले तरी ते चिकाटीने करावे लागेल. मागील वर्षाचा आराखडा आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांची प्रत मिळवावी आणि ती सोप्या मराठीत चौकात वाचून दाखवावी. मुख्य सभेपूर्वी प्रत्येक वस्तीवर, मजूर कामावरून परतल्यानंतर, रात्री बैठक घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातील तरतूद कागदावर राहू देऊ नये. ऊसतोड मजुरांच्या गावांत त्यांच्या स्थलांतरापूर्वी, म्हणजे गणपती-नवरात्राच्या दिवसांतच, त्यांच्या मागण्या लिहून घ्याव्यात. आणि येथे कोप्या पडल्यानंतर पाण्याचा नळ किती अंतरावर आहे ते प्रत्यक्ष पावले टाकून मोजावे. ग्रामसभेत मात्र स्वयंसेवकाने मागच्या रांगेत बसावे. बोलणे ज्यांचे त्यांनी करावे.

यातून एका वर्षात क्रांती होणार नाही. कदाचित एखाद्या वस्तीला नळ मिळेल, एखादे खोटे बिल थांबेल, एखादी बाई प्रथमच सभेत उठून विचारील की मागच्या साली मंजूर झालेली गटार गेली कोठे. तो प्रश्न इतिवृत्तात नोंदविला जावा असा आग्रह धरणारी दहा माणसे सोनईत उभी राहिली, तरी आराखड्यावरचा 'सर्वानुमते' हा शब्द खोटा राहणार नाही.