मेंदूतील गाठ : घरच्यांनी ओळखावयाच्या खुणा



बहुतेक डोकेदुखी मेंदूतील गाठीमुळे नसते, हे आधी ध्यानात घ्यावे. परंतु कवटी ही हाडांची बंद पेटी होय. आत गाठ वाढू लागली की दाब वाढतो. म्हणून आठवड्यागणिक बळावणारी, सकाळी उठताच तीव्र असणारी, खोकल्याने वाढणारी व उलटीसह येणारी डोकेदुखी बाम चोळून अंगावर काढू नये.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी. पूर्वी कधी फेफरे न आलेला चाळिशीतील शेतकरी एकाएकी कोसळतो आणि मंडळी त्याच्या नाकाशी कांदा नाहीतर वहाण धरतात. मागाहून अंगारा असतोच. अशा वेळी रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि तो सावध झाला तरी तपासणी टाळू नये. कधी केवळ एका हाताची बोटे मिनिटभर थरथरतात, शुद्ध जात नाही. तीही आकडीच असू शकते. आपल्या देशात फीतकृमीच्या किंवा क्षयाच्या गाठीमुळेही आकडी येते आणि त्यांवर औषधे लागू पडतात. तेव्हा तपासणीच्या भीतीने घरी बसण्यात शहाणपण नाही.

गाठ मेंदूच्या पुढील भागात असल्यास स्वभाव पालटतो. हिशेबात चोख असलेला कारकून चुका करू लागतो, विनाकारण चिडतो किंवा उदासीन बसून राहतो. पुष्कळदा त्याला स्वतःला हा बदल जाणवत नाही. कार्यालयातून मात्र कारणे दाखवा नोटीस निघते! एका बाजूचे हातपाय हळूहळू दुबळे होणे, नेहमीचे शब्द न सुचणे, एकाच कानाने कमी ऐकू येणे, याही खुणाच. पियूषिका ग्रंथीच्या गाठीत दोन्ही कडांचे दिसेनासे होऊन माणूस दाराच्या चौकटीला धडकतो. चष्म्याचा नंबर बदलून हे सुधारत नाही.

१९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सी. टी. स्कॅनने तपासलेली पहिली रुग्ण स्त्री मेंदूतील गाठीच्या संशयावरूनच आली होती. मेंदूच्या आवरणातील बहुतेक गाठी सौम्य असतात व अनेकदा शस्त्रक्रियेने पूर्ण निघतात. खर्चाच्या चिंतेने थांबलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. गुंगी वाढत असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आकडी केव्हा आली, कोणत्या अवयवापासून सुरू झाली व किती मिनिटे टिकली, हे पाहणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. शुद्ध हरपलेल्या रुग्णास ते सांगता येत नाही.