बाटलीत तगलेला ऊस

आमचं रान शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरं फुटतं ते बघतच मी वाढलो. काळी माती, उसाला भरमसाट पाणी, निचरा नाही. पाणी मातीतून वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं. पुढं वनस्पतिशास्त्राकडे गेलो तेव्हा खारं सोसणारा ऊस हाच विषय धरला.

उसात संकर करणं कटकटीचं. गुणसूत्रं शंभराच्या वर, आणि को ८६०३२ सारखी जात संकरात घातली की तिचे चांगले गुणही विस्कटतात. उत्परिवर्तनात जात तीच ठेवून एखादा गुण बदलायची आशा असते. शिवाय ऊस कांडीनं लावतो, म्हणजे बदल टिकला तर बेण्यातून पुढं जातो. भुईमुगाची टॅग-२४ ट्रॉम्बेला उत्परिवर्तनाच्याच वाटेनं आली, हे तुम्हाला माहीत असेल.

तर, शेंड्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानांच्या चकत्या माध्यमावर ठेवायच्या. काही आठवड्यांत पिवळसर दाणेदार गोळा वाढतो, तो कॅलस. त्याला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण द्यायचे, मग मिठाच्या माध्यमावर ठेवायचं. लिटरला ५.८ ग्रॅम मीठ म्हणजे जवळपास १०० मिलिमोलर. बहुतेक गोळे तपकिरी पडून मरतात. एखाद्याच्या कडेला मात्र पांढरट ठिपका वाढत राहतो.

तो ठिपका दिसला तेव्हा मी घरी फोन केला होता! रोपं केली, कुंडीत लावली, खारं पाणी दिलं. बहुतेक करपली.

मॅडमनी एकच विचारलं, "मधे दोनदा बिनमिठाचं वाढवून परत मिठावर घेतलं होतंस का?" नव्हतं घेतलं. पेशींना मिठाची नुसती सवय लागते, जनुकात काहीच बदललेलं नसतं. रोपात बदललेल्या आणि न बदललेल्या पेशींची सरमिसळही असू शकते. आणि गोळ्याला कुठं मूळ असतं? रोपाला सोडियम मुळाशीच अडवावं लागतं, पानापर्यंत जाऊ द्यायचं नसतं. बाटलीत त्याची परीक्षाच होत नाही.

आबा दरवेळी विचारतात, "पोरा, तुझं बेणं रानात कवा यायचं?" मी म्हटलं, आधी जमिनीत निचऱ्याचे पाइप टाकू. टाकले. त्या पाइपांतून जे पाणी बाहेर येतं ते मी आता कॅन भरून नेतो. रानातलं मीठ नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, सल्फेट असतात, मॅग्नेशियम असतं. पुढची रोपं त्याच पाण्यावर तपासणार आहे.