सेकंड गिअरमध्ये अडकलेली व्हॅन

मिशिगनच्या हायवेवर माझी जुनी ऑटोमॅटिक व्हॅन एकदम सेकंड गिअरमध्ये अडकली. इंजिन नुसतं बोंबलतंय, स्पीड वाढेना. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्स उघडावा लागेल, तीन हजार डॉलर. अरे, अख्खी व्हॅन तेवढ्याची नव्हती!

हा ‘लिम्प मोड’. सिग्नलमध्ये गडबड दिसली की कॉम्प्युटर गिअरबॉक्स वाचवायला एकाच गिअरवर गाडी घरापर्यंत नेऊ देतो. म्हणजे गिअरबॉक्स मेलाच असं नाही. इंजिन गरम, चालू ठेवून डिपस्टिक काढली. ऑइल लाल, जळका वास नाही. वास असता तर क्लच गेले समजून मी गपचूप पैसे भरले असते. स्वस्त स्कॅनरवर नुसता पी०७००. हा कोड म्हणजे आपला ‘समथिंग वेंट राँग’. खरा लॉग ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमध्ये. मित्राचा चांगला स्कॅनर आणला, तेव्हा निघाला पी०७२०, आउटपुट स्पीड सेन्सर. वायर, कनेक्टर ठीक होते. पंचवीस डॉलरचा सेन्सर, एक पाना, खाली जुना टॉवेल. सांडलं तेवढं ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं भरलं, कोड पुसले.

सिग्नल सुटला. सेकंड, थर्ड, फोर्थ... गाडीत एकटाच ओरडलो मी!