खरा नकल्या कोण?

टोप्या विकणाऱ्या फेरीवाल्याची गोष्ट ज्यानें लहानपणीं ऐकली नाहीं असा मराठी श्रोता विरळाच. भर दुपारीं तो झाडाखालीं झोंपतो, माकडें त्याच्या टोप्या पळवितात, आणि शेवटीं तो संतापून आपल्या डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटतो तेव्हां झाडावरूनहि टोप्यांचा पाऊस पडतो. गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला तींत कोठेंहि शंका येत नाहीं. माकड म्हणजे नकल्या, हें गृहीतच असतें. भाषेनेंहि तोच निकाल देऊन ठेवला आहे. दुसऱ्याची निर्बुद्धपणें नक्कल करणाऱ्याला माकडाची उपमा मिळते, मुलाची नव्हे. गेल्या सव्वाशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं या निकालाची फेरतपासणी केली, आणि ती चालू असतां आरोपीच्या पिंजऱ्यांत हळूहळू जें येऊन उभें राहिलें तें माकड नसून माणसाचें मूल होतें.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९०१ सालीं माकडांच्या बुद्धीविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याची कृति पाहून माकड ती शिकतें काय, हा त्यांतील एक प्रश्न होता. तसें शिकण्याचा विश्वसनीय पुरावा थॉर्नडाइकला मिळाला नाहीं. पुढें जवळजवळ नव्वद वर्षांनीं, १९९० मध्यें, एलिसाबेत्ता विसाल्बेर्गी व डोरोथी फ्रॅगेझी या दोघी विदुषींनीं कॅपुचिन जातीच्या माकडांवरील प्रयोगांचा परामर्श घेऊन बहुतांशीं तोच निष्कर्ष काढला. टोपीवाल्याचें नशीब बलवत्तर होतें, एवढेंच म्हणावयाचें.

बिनशेपटीच्या वानरांची, विशेषतः चिंपांझीची, गोष्ट मात्र निराळी आहे. विन्थ्रॉप केलॉग व त्यांची पत्नी लुएला यांनीं १९३१ च्या जूनमध्यें फ्लॉरिडांतील ऑरेंज पार्क या गांवीं एक धाडसी, आणि आजच्या दृष्टीनें निष्ठुर, प्रयोग आरंभिला. त्यांचा मुलगा डोनाल्ड तेव्हां दहा महिन्यांचा होता. त्याच्या जोडीला त्यांनीं गुआ नांवाचें चिंपांझीचें साडेसात महिन्यांचें मादी पिलूं घरांत आणलें. दोघांना सारखेच कपडे, सारखेच जोडे, जेवावयास सारखीच खुर्ची, आणि लाडहि सारखेच. माणसाच्या घरांत वाढलेलें वानराचें पोर कितपत माणूस होतें, हें त्या उभयतांना पाहावयाचें होतें.

गुआनें त्यांची निराशा केली नाहीं. चमच्यानें खाणें व पेल्यानें पिणें तिला डोनाल्डच्या आधीं साधलें. सांगितलेलें ऐकण्यांतहि प्रारंभीं तीच पुढें होती. परंतु ज्या विद्येंत वानरानें बाजी मारावी अशी जगाची समजूत, त्याच विद्येंत डोनाल्ड तिला भारी पडला. खेळ शोधून काढावा गुआनें आणि तिच्या मागोमाग तो करावा डोनाल्डनें, असें वारंवार दिसूं लागलें. आवडीचें खाद्य दृष्टीस पडतांच गुआ घशांतून भुंकल्यासारखा एक आवाज काढी. सव्वा वर्षाच्या आंतबाहेर असलेला डोनाल्डहि फळ पाहून तसाच आवाज काढूं लागला. वानराला माणूस करावयास निघालेल्या घरांत माणसाचें मूल वानराची भाषा उचलूं लागलें होतें! याच भीतीनें आईबापांनीं प्रयोग थांबविला, असें पुष्कळ लेखकांनीं रंगवून सांगितलें आहे. तो तर्कच समजावा. नऊ महिने पुरे झाल्यावर, १९३२ च्या मार्चमध्यें, गुआची वानरांच्या पिंजऱ्यांकडे रवानगी झाली. १९३३ सालीं ती न्युमोनियानें मेली. प्रयोगावरील पुस्तकहि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें.

एका मुलावरून व एका वानरीवरून सिद्धांत काढतां येत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. त्याचें उत्तर मिळावयास २००५ साल उजाडलें. व्हिक्टोरिया सरोवरांत युगांडाच्या हद्दींत न्गांबा नांवाचें बेट आहे. तेथें अनाथ झालेल्या चिंपांझींना आश्रय दिला जातो. व्हिक्टोरिया हॉर्नर व अँड्र्यू व्हायटन यांनीं या पोरक्या पिलांपुढें एक पेटी मांडली. पेटीच्या माथ्यावर एक भोंक व समोर एक झडप; खाऊ झडपेच्या आंत. दाखविणारा मनुष्य प्रथम काठी माथ्याच्या भोंकांत खुपसून ठोके मारी आणि मग समोरची झडप उघडून खाऊ बाहेर काढी. माथ्यावरच्या ठोक्यांचा खाऊशीं कांहींएक संबंध नव्हता, कारण मध्यें आडवा पडदा होता. पेटी काळी असतांना तो पडदा दिसत नसे, तेव्हां चिंपांझींनीं पाहिलें तसें सर्व केलें. नंतर तीच पेटी पारदर्शक करून ठेवली. ठोके व्यर्थ जात आहेत हें दिसतांच चिंपांझींनीं ते बहुधा सोडून दिले व सरळ झडपेला हात घातला.

मग तीच पारदर्शक पेटी तीन-चार वर्षांच्या मुलांपुढें आली. पडदा त्यांनाहि दिसत होता. तरीसुद्धां मुलांनीं माथ्यावर इमानें इतबारें ठोके मारले आणि मगच झडप उघडली.

या निकालानें प्रथमदर्शनीं मनुष्यजातीची मान खालीं जाते. इतर संशोधकांनीं त्यांतून पळवाटा शोधून पाहिल्या. मुलें बहुधा मोठ्यांची मर्जी राखीत असतील; म्हणून २००७ च्या एका प्रयोगांत त्यांना आधींच बजावून ठेवलें कीं, निरुपयोगी असेल तें करूं नका. तरी मुलांनीं केलेंच. हा शहरी बालवर्गांतल्या वळणाचा परिणाम असेल. म्हणून २०१० मध्यें मार्क नील्सन व केयान तोमासेली यांनीं आफ्रिकेंतील कालाहारी प्रदेशाच्या बुशमन मुलांची परीक्षा घेतली. तींहि तशींच वागलीं.

मग मूल चिंपांझीहून मंद समजावयाचें काय? तसा निर्णय घाईचा होईल. देव्हाऱ्यापुढें बसलेल्या आजोबांच्या शेजारीं नातवंड येऊन बसतें. आजोबा पळी उचलतात, पाणी सोडतात, घंटा वाजवितात, कानाला हात लावतात. यांतलें कोणतें कशासाठीं, हें पारदर्शक पेटींतूनहि दिसावयाचें नाहीं. स्वयंपाकघरांत आई पिठाच्या गोळ्याला पाण्याचा हात लावते, तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून पाणी फिरवते. पाण्यावांचून भाकरी कोरडी पडते हें तिलाहि कदाचित् कोणीं समजावून दिलेलें नसतें. तिनें आपल्या आईचें पाहिलेलें असतें. माणसाच्या व्यवहाराचा फार मोठा भाग अशा कृतींचा आहे कीं, ज्यांचें कारण पाहणाऱ्याला दिसत नाहीं, आणि करणाऱ्यालाहि पुष्कळदां सांगतां येत नाहीं. अशा जगांत ‘कारण दिसेल तेवढेंच उचलीन’ म्हणणारें मूल अर्धी विद्या गमावून बसेल. आधीं सगळें घ्यावें आणि अनावश्यक असेल तें मागाहून टाकावें, हाच त्याला परवडणारा व्यवहार आहे. चिंपांझी फळावर नजर ठेवतो. मूल करणाऱ्या माणसावर नजर ठेवतें.

आणि हें मूल अगदींच आंधळें असतें असेंहि नव्हे. ग्यॉर्गी गेर्गेली व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं चौदा महिन्यांच्या मुलांना एक गंमत दाखविली. एक बाई वांकून कपाळानें दिव्याची पेटी दाबी व दिवा लागे. बाईचे हात मोकळे असतांना ज्यांनीं हें पाहिलें, त्यांतल्या शेंकडा ६९ मुलांनीं आठवड्यानंतर स्वतःहि कपाळानें दिवा लावला. परंतु बाईनें थंडी वाजत असल्यासारखी शाल हातांनीं आवळून धरली होती तेव्हां हें प्रमाण शेंकडा २१ वर उतरलें. बाकीच्यांनीं आपले हातच वापरले. हात मोकळे असूनहि ज्या अर्थीं ती कपाळ लावते त्या अर्थीं त्यांत कांहीं तरी असलें पाहिजे, असा हिशेब त्या चिमुकल्या डोक्यांत होत असावा.

अर्थात् या विश्वासाची दुसरी बाजूहि आहे. अल्बर्ट बंडुरा यांनीं १९६१ मध्यें बालवर्गांतल्या मुलांपुढें एका प्रौढाकडून हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारविले, शिव्याहि देवविल्या. पुढें तो प्रौढ समोर नसतां त्या मुलांनीं तेच ठोसे मारले, तेच शब्द उच्चारले.

चिंपांझींच्या घरीं विद्या मुळींच चालत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. टांझानियांतील गोंबे येथें १९६० सालीं जेन गुडॉल यांनीं चिंपांझींना वारुळांत गवताची काडी घालून वाळवी काढतांना पाहिलें. तेथेंच पुढें एलिझाबेथ लॉन्सडॉर्फ यांना दिसून आलें कीं, मुली आईच्या हाताकडे टक लावून बसतात व तिच्याच पद्धतीनें काडी घालावयास शिकतात. मुलगे जवळपास झोके घेत हुंदडतात आणि तीच विद्या सरासरीनें दोन वर्षें उशिरां संपादन करतात. मराठी घरांतल्या आजीबाईंना यासाठीं आफ्रिकेंत जावें लागलें नसतें.

पश्चिम आफ्रिकेंत गिनी देशांतील बोसू गांवच्या टेकडीवरील चिंपांझी तर दगडाच्या ऐरणीवर तेलताडाची बी ठेवून दगडाच्याच हातोड्यानें फोडतात. तेत्सुरो मात्सुझावा व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनीं त्यांच्यांत अनेक वर्षें घालविलीं. त्यांच्या निरीक्षणाप्रमाणें आई पिलाचा हात धरून शिकवीत नाहीं, चुकलें म्हणून रागावतहि नाहीं. पिलूं तिच्या अंगाशीं बसून पाहतें, गर पळवतें, रिकाम्या दगडावर दगड आपटतें. तिसऱ्या ते पांचव्या वर्षाच्या दरम्यान कधीं तरी पहिली बी फुटते. सात वर्षांच्या आंत ज्याला हें साधलें नाहीं त्याला तें पुढें साधत नाहीं असें दिसतें.

या टेकडीवर २००३ च्या अखेरीस श्वसनाच्या रोगाची सांथ आली आणि एकोणीस चिंपांझींपैकीं पांच दगावले. पुढें त्यांची संख्या दहाच्याहि खालीं उतरली. आसपासच्या रानांतून त्यांच्यांत नवें कोणी येऊन मिळत नाहीं. नवीं पिलें जवळजवळ नाहींतच. ऐरणी आहेत, हातोडे आहेत, पाऊस पडला कीं बी खालीं पडते. फोडणाऱ्याच्या शेजारीं बसून पाहणारें मात्र क्वचितच कोणी असतें.