फायटर मासा आजारी पडला तर : आधी पाणी, मग औषध

(भाषणाचा मजकूर)

व्याख्याता, कृषिविद्या विभाग



काचेच्या भांड्यातील मासे आता केवळ शहरी घरांत राहिलेले नाहीत. तालुक्याच्या बाजारातून मुले हौसेने मासा आणतात आणि त्यात सर्वांत जास्त आणला जातो तो फायटर मासा. दिसायला देखणा, ठेवायला सोपा आणि एकटा राहणारा. परंतु काही आठवड्यांतच तो मलूल होतो, तळाशी बसतो, खाणे सोडतो. मग कोणी हळद टाकतो, कोणी कॅप्सूल फोडून टाकतो, आणि दोन दिवसांत मासा मरतो. मुले हिरमुसतात.

कृषिविद्येचा माणूस माशाच्या आजारावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु भांड्यातील माशाचे बहुतेक आजार ज्या कारणाने सुरू होतात, ते नत्राचे चक्र आपण रोज शेतात पाहतो. पीक पिवळे पडले की लगेच पंप पाठीवर न घेता आपण आधी वाफसा व मुळे पाहतो. माशाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

माशाचे मूळ घर

या माशाचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. तो मूळचा थायलंडचा. तेथील भातखाचरे, पाणथळ जागा व संथ पाण्याचे चर हे त्याचे घर. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. कल्ल्यांखेरीज त्याला हवेतून श्वास घेण्यासाठी एक वेगळा अवयव असतो. त्यामुळे तो मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. हे आजाराचे लक्षण नव्हे.

यावरूनच एक गैरसमज पसरला आहे. हा मासा उथळ पाण्यातला आहे, हवेवर जगतो, म्हणून तो पेल्यातही जगेल असे समजले जाते. भातखाचर उथळ असले तरी ते विस्तीर्ण असते. माशाची घाण तेथील चिखल व वनस्पती पचवितात. पेल्यात ही सोय नसते. म्हणून एका माशास किमान १५ ते २० लिटर पाणी द्यावे.

आजार कसा ओळखावा

पर मिटून घेणे, रंग फिका पडणे, अन्न नाकारणे, दगडावर अंग घासणे, परांच्या कडा झिजणे, पोट फुगणे, तिरके पोहणे किंवा सतत तळाशी पडून राहणे ही मुख्य लक्षणे होत. मासा थोडा वेळ पानावर विसावला तर घाबरू नये. मात्र जेवणाच्या वेळीही तो हलला नाही, तर लक्ष द्यावे. रोज अन्न टाकताना एक मिनिट निरीक्षण करण्याची सवय मुलांना लावावी.

नत्राचे गणित

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. शेतात युरिया दिल्यावर अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू जमिनीत असतात. त्याच जातकुळीचे जिवाणू माशाच्या टाकीत वाळूवर व गाळणीच्या स्पंजवर वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर अमोनिया व नायट्राइट साठत जाते. मासा आणल्यावर पहिल्या महिन्यातच आजारी का पडतो, याचे उत्तर येथे आहे.

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असले तरी विषारी असू शकते. शिवाय सामू एकने वाढला की अमोनियाचे विषारी स्वरूप सुमारे दहापट होते. आपल्याकडील विहिरी-बोअरचे पाणी बरेचदा अल्कधर्मी असते. तेव्हा घाण तेवढीच असूनही अशा पाण्यात माशाला जास्त त्रास होतो. शोभेच्या माशांच्या दुकानात पाणी तपासण्याचा संच मिळतो. त्यात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य यावयास हवे.

पहिला उपाय : पाणी

मासा मलूल दिसला की कोणतेही औषध न टाकता टाकीतील सुमारे एक-तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. असे ३ ते ४ दिवस रोज करावे. तळाची घाण नळीने ओढून काढावी. नवीन पाणी टाकीतील पाण्याइतकेच कोमट असावे. नळाचे पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते. ग्रामपंचायतीने नुकतीच ब्लिचिंग पावडर टाकली असेल किंवा घाई असेल, तर दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे.

गाळणीचा स्पंज नळाखाली साबणाने घासून धुऊ नये. तसे केल्यास उपयुक्त जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. एवढ्या उपायाने, इतर काहीही न करता, अनेक मासे खाऊ लागतात.

दुसरा उपाय : ऊब

या माशास २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाडकडे पारा १० अंशांच्याही खाली जातो. अशा थंडीत त्याची पचनशक्ती व रोगप्रतिकारशक्ती मंदावते. २० लिटरच्या टाकीस २५ वॅटचा, तापमान नियंत्रक असलेला हीटर पुरतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी त्याची पिन काढावी. टाकी खिडकीच्या झोतात ठेवू नये. वर झाकण असावे, कारण हा मासा उडी मारतो. झाकण व पाणी यांत हवेची जागा मात्र सोडावी.

फवारणी करणाऱ्यांनी हे वाचावेच

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. फवारणी करून आलेला हात टाकीत बुडणे किंवा औषध कालवलेली बादली पाणी बदलण्यास वापरणे एवढे कारणही पुरेसे होते. डास मारण्याची घरगुती द्रव औषधे व अगरबत्त्या बहुधा याच गटातील असतात आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो. म्हणून माशासाठी बादली, मग व नळी वेगळी ठेवावी आणि डासांचे औषध त्या खोलीत लावू नये. मासा अचानक झटके देऊन गिरक्या घेऊ लागला, तर रोगाआधी विषबाधेची शंका घ्यावी व त्याला ताबडतोब तेवढ्याच तापमानाच्या ताज्या, क्लोरीनरहित पाण्यात हलवावे.

मिठाचा योग्य वापर

औषधोपचार शक्यतो वेगळ्या भांड्यात करावा. त्यासाठी १० लिटरचा नवा प्लास्टिकचा टब चालतो. या भांड्यातील निम्मे पाणी रोज बदलावे. घरगुती औषधांत सर्वांत भरवशाचे म्हणजे साधे खडे मीठ. सर्वसाधारण अशक्तपणासाठी लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ५ लिटरला चहाचा एक सपाट चमचा, एवढे प्रमाण ठेवावे. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून थोडे थोडे ओतावे. खडे सरळ माशावर टाकू नयेत. हा उपचार १० दिवसांपेक्षा जास्त चालवू नये.

पाणी आटले तरी मीठ उडून जात नाही. खारपड जमिनीत हेच घडते, हे आपण जाणताच. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधे पाणी घालावे आणि काढून टाकलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा द्यावे.

नेहमी आढळणारे रोग

*पांढरे ठिपके :* अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात. हा एक परजीवी आहे. तो माशाच्या कातडीत असताना औषधाला दाद देत नाही. तेथून गळून तळाशी वाढतो व त्याची पिल्ले पाण्यात मोकळी पोहू लागली की मगच मीठ किंवा औषध लागू पडते. म्हणून ठिपके नाहीसे झाले की उपचार थांबविण्याची घाई करू नये. या रोगासाठी मीठ एक-दोन दिवसांत हळूहळू वाढवून लिटरला २ ग्रॅमपर्यंत न्यावे. तापमान दिवसाला १ ते २ अंशांनी वाढवत २९ ते ३० अंशांवर ठेवावे, म्हणजे परजीवीचे चक्र लवकर पूर्ण होते. उपचार सुमारे १० दिवस करावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे हवेचा पंप सुरू ठेवावा. परजीवी मूळ टाकीतही असतो. वाळू, शोभेच्या वस्तू धुऊन उन्हात कडक वाळवाव्यात, किंवा टाकी काही आठवडे माशाविना ठेवावी.

*सोनेरी धूळ :* अंधारात बॅटरीचा झोत टाकल्यास अंगावर गंजासारखी किंवा सोनेरी धूळ दिसते. हाही परजीवीच, पण त्याला प्रकाशाची मदत होते. म्हणून भांडे कापडाने झाकून अंधार करावा व मीठ द्यावे. यावर तांब्याची औषधे मिळतात. ती माशांसाठी बनविलेली असावीत व वेष्टनावरील प्रमाणातच द्यावीत. बोर्डो मिश्रणासाठी घरात आणलेले मोरचूद अंदाजाने टाकू नये. औषधाची व विषाची मात्रा येथे फार जवळ असते.

*पर कुजणे :* परांच्या कडा काळ्या, लाल किंवा फाटक्या होतात. मूळ कारण बहुधा घाण पाणी. रोज पाणी बदलणे आणि लिटरला १ ग्रॅम मीठ एवढ्याने सुरुवातीचा रोग आटोक्यात येतो. कडेला नवा पारदर्शक पर फुटू लागला की सुधारणा झाली असे समजावे. प्लास्टिकच्या टोकदार वनस्पती काढून टाकाव्यात.

*कापसासारखी वाढ :* जखमेवर फुगीर कापूस दिसल्यास ती बुरशी असते. वेगळ्या भांड्यात मिथिलीन ब्ल्यू वेष्टनावरील प्रमाणात द्यावे. मूळ टाकीत ते टाकू नये, कारण त्याने उपयुक्त जिवाणूंना अपाय होतो. तोंडाजवळ किंवा पाठीवर राखाडी-पांढरा चपटा थर असून तो झपाट्याने पसरत असेल, तर तो जिवाणूजन्य रोग असू शकतो. ऊब वाढविल्यास तो बळावतो. अशा वेळी लवकर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

*पोट फुगणे :* बहुधा जास्त खाण्याने होते. माशाचे पोट जवळजवळ त्याच्या डोळ्याएवढे असते. मुलांना हे सांगावे. दोन ते तीन दिवस अन्न बंद ठेवावे. नंतर दिवसातून दोनदा २ ते ३ दाणे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. पिकावर मॅग्नेशियमसाठी फवारतो तेच मॅग्नेशियम सल्फेट येथे रेचक म्हणून उपयोगी पडते. मात्र खताच्या पिशवीतील न घेता औषधाच्या दुकानातील शुद्ध घ्यावे व २० लिटरला चहाचा एक चमचा द्यावा.

*जलोदर :* अंग फुगून खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहतात. याचा अर्थ आतले अवयव, विशेषतः मूत्रपिंड, निकामी होत आहेत. स्वच्छ, उबदार पाणी व वरील प्रमाणात मॅग्नेशियम सल्फेट द्यावे, परंतु बरेच मासे वाचत नाहीत. मासा फार तळमळत असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लवंग तेलाची भूल देऊन त्याची सुटका करावी.

कॅप्सूल फोडून टाकू नये

टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात टाकण्याची प्रथा सर्वत्र दिसते. हे औषध जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी बांधले जाते, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्याचा प्रभाव खूप घटतो. परजीवी व बुरशीवर ते चालत नाही. उलट पाण्यातील जिवाणूंना औषधाची सवय लागते आणि हेच जिवाणू पुढे माणसांच्या व जनावरांच्या उपचारात डोकेदुखी ठरतात. प्रतिजैविके तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

त्यापेक्षा कोकणात अंगणोअंगणी असलेल्या देशी बदामाचे गळलेले वाळके पान अधिक उपयोगी. थायलंडचे मासेपालक ते वापरतात. त्यातील टॅनिनमुळे पाणी चहासारखे तांबूस होते, सामू किंचित उतरतो व काही जिवाणू-बुरशींना आळा बसतो. कीटकनाशक न फवारलेले पान धुऊन २० लिटरला एक याप्रमाणे टाकावे. ते पूरक आहे, मुख्य उपाय नव्हे.

शेततळे सांभाळावे

आजारी किंवा नकोसा झालेला मासा विहिरीत, ओढ्यात वा शेततळ्यात कधीही सोडू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कटला, रोहू या माशांनाही लागतो. घरातील पन्नास-शंभर रुपयांच्या माशाचा रोग तळ्यातील सगळ्या पिकाचे नुकसान करू शकतो. आजारी टाकीचे पाणी विहीर व तळ्यापासून दूर कोरड्या जमिनीवर ओतावे. मेलेला मासा पुरावा. हाताळणीची जाळी तळ्यासाठी वापरू नये. नवा मासा आणल्यास ३ ते ४ आठवडे वेगळा ठेवावा.

चार दिवसांत पाणी व ऊब सुधारूनही फरक न पडल्यास जवळच्या पशुवैद्यकाकडे किंवा मत्स्य महाविद्यालयाकडे विचारणा करावी. रत्नागिरीजवळ शिरगाव, तसेच नागपूर व उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत. जाताना माशाची लक्षणे, टाकीतील पाण्याचे माप, शेवटचे पाणी कधी बदलले आणि आतापर्यंत काय काय टाकले, हे कागदावर लिहून न्यावे. सोबत बाटलीत टाकीचे पाणी न्यावे. माती परीक्षणाला नमुना नेतो तसाच हा नमुना. तज्ज्ञाचे निम्मे काम त्यानेच होते.